डच नवऱ्याला मराठी शिकवून बडोद्याला नेलं

परदेशातला संसार गुंडाळून बडोद्याला परत यायचं तर काय काय करावं लागतं, असं विचारणारी पत्रं मला अधूनमधून येतात. बहुतेक बायकांचीच असतात आणि त्यांना यादी हवी असते. याद्या मी चांगल्या करते. पण आमच्या परतीत उपयोगी पडलं त्यातलं जवळजवळ काहीच माझ्या यादीत नव्हतं, म्हणून हा लांबलचक मजकूर.

ठरलं ते उत्रेख्तच्या आमच्या स्वयंपाकघरात. तिथे फ्रिजवर चार वर्षं एक कागद चिकटवलेला होता: ‘जेवताना फक्त मराठी.’ मी हिंदुस्थानात परतायचं म्हणत होते आणि नवरा योरिस, जो डच आहे आणि कुठल्याही गोष्टीची तयारी करायला हरकत घेत नाही, तो माझ्याकडून मराठी शिकत होता. आमची मीरा तेव्हा आठ वर्षांची आणि यान चारचा. दर रविवारी बडोद्याहून नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन यायचा आणि ते मीराचा धडा घ्यायचे. शिवाय त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलेल्या कॅसेट पाठवल्या होत्या: श्लोक, पाढे, सगळ्या आरत्या, सगळ्या कडव्यांसकट.

योरिसला त्याच्या ग्रंथालयातून एक वर्षाची बिनपगारी रजा मिळाली. पुढे राहणार की परतणार, ते सप्टेंबरअखेर पत्राने कळवायचं होतं. तोवर मीरा शाळेत रमली तर बडोदे, नाही रमली तर उत्रेख्त. ही अट योरिसची नव्हती, माझी होती. मुलीच्या जिवावर आपली हौस भागवली असं कुणी म्हणू नये, अगदी मीसुद्धा, म्हणून घातलेली.

आता उपयुक्त माहिती. मे महिन्यात येऊ नका. आम्ही आलो. मुंबईला उतरून दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी घ्या, दुपारच्या आत बडोदे येतं. आरक्षण दोन महिने आधी करा. सामान प्रत्येकी एक पेटी एवढंच ठेवा. आमच्या सात होत्या आणि एकीत फक्त वह्या.

वापी गेलं आणि डब्यातल्या चहावाल्याची भाषा बदलली. योरिसने त्याच्याकडे फार व्यवस्थित मराठीत दोन चहा मागितले होते. चहावाल्याने हिंदीत उत्तर दिलं आणि मागच्या साथीदाराशी गुजरातीत हसला.

“हे लोक काय बोलतात?” योरिसने विचारलं.

“गुजराती.”

“आणि बडोद्यात?”

“बडोद्यातही.”

सुरत येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे चार वर्षं मी फक्त तुझ्या आईवडिलांशी बोलायला शिकलो?”

मी खोटं बोलले नव्हते, हे मला इथे नोंदवायचं आहे. मी वाढले ते बडोदे मराठीच होतं. फक्त ते एका जेवणाच्या टेबलाएवढं होतं, हे सांगायचं राहिलं होतं.

माझे पणजोबा संस्थानात दफ्तरदार होते. तेव्हापासून आमच्या घरात रीत अशी की, चौथीपर्यंत मूल घरीच शिकतं. शाळा पाचवीपासून. नानांना आजोबांनी शिकवलं, मला नानांनी, रेल्वेच्या कचेरीत जायच्या आधी, सकाळी आठ ते दहा. शुद्धलेखन, गणित, संस्कृत, इंग्रजी. पाचवीत मी शाळेत गेले तेव्हा माझं अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होतं आणि शेजारच्या मुलीकडे पाणी कसं मागतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून बाहेर बोलायचं प्रत्येक वाक्य मी आधी मनात एकदा म्हणून बघते. अजूनही. रिक्षावाल्याला ‘फतेगंज’ एवढंच सांगायचं असलं तरी.

स्टेशनवर तेच चाललं होतं. माझं वाक्य तयार होईपर्यंत योरिसने हातवाऱ्यांनी दोन रिक्षा ठरवल्या. तेव्हाच्या दराने तीस-तीस रुपये, सात पेट्यांना काही जास्त नाही असं रिक्षावाले म्हणाले आणि घरी पोचल्यावर दहा जास्त मागितले. द्या.

नानांनी जुन्या शहरातली, घडियाळी पोळातली जागा केव्हाच सोडली. आता ते आणि आई फतेगंजजवळच्या एका सोसायटीत राहतात. इकडे याला टेनामेंट म्हणतात: भिंतीला भिंत लावून बसकी घरं, पुढे झोपाळा, फाटकाशी तुळस. शेजारच्या हंसाबेन फाटकाशीच उभ्या होत्या. योरिस त्यांना म्हणाला, “नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?”

हंसाबेन दोन पावलं मागे सरकल्या. मग मला म्हणाल्या, “अगं, तुझा वर तर तुझ्या बापासारखा बोले छे.” बडोद्यात हे असंच आहे. वाक्य मराठीतून निघतं आणि गुजरातीत पोचतं.

पहिले पंधरा दिवस कागदांत गेले. परदेशी माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, हे विसरू नका. मी अकरा-अकरा झेरॉक्स नेल्या होत्या. कचेरीत मागितल्या तीन आणि एक फोटो, जो मी नेला नव्हता. बाहेर मांडवीच्या बाजाराकडे फोटो काढून देणारा आहे, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. आम्ही मांडवीला गेलो, फोटो काढला, आणि समोरच्या टपरीवर सेव उसळ खाल्ली. ही खास इथली गोष्ट: झणझणीत रस्सा, वर मूठभर शेव, सोबत पाव. यानने रडत रडत दोनदा मागितली. परत येताना योरिस टपरीवाल्याकडून पाच गुजराती शब्द शिकून आला होता. पुढच्या महिन्यात तो भाजीवालीशी घासाघीस करू लागला. मी अजून भाजीवर बोट ठेवून किलो-अर्धा किलो सांगत होते.

शाळा जूनमध्ये सुरू झाली. इंग्रजी माध्यम, वर्गात मीराला अडचण नव्हती. अडचण रिक्षात होती. सोसायटीतली नऊ मुलं भरतभाईंच्या रिक्षात बसतात, पुढे आडवी फळी टाकून तिघं आणखी. त्या रिक्षात इंग्रजी चालत नाही. पहिल्याच दिवशी मीरा नानांनी शिकवलेल्या मराठीत म्हणाली, “कृपया जरा सरकून बसाल का?” रिक्षा हसून हसून हलली. सहावीतली ध्रुवी, जी त्या रिक्षाची मालकीणच समजा, तिने त्याच क्षणी मीराचं नाव ‘समाचार’ ठेवलं, कारण असं फक्त बातम्यांत बोलतात. रोज सकाळी पावणेसातला फाटकाशी ओरड व्हायची: समाचार आवी गया.

मीरा रिक्षात बोलायची बंद झाली. मग सकाळी तिचं पोट दुखू लागलं. भरतभाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “बेन, छोकरी बोलती नथी?” मी घरातून वाक्य तयार करून आले नव्हते, म्हणून नुसती मान हलवली.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती रिक्षात चढेचना. नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तिला घरी ठेव. तुला शिकवलं तशी शिकवीन. पाचवीपासून जाईल शाळेत.”

योरिस एकदम खूश झाला. त्याच्या देशात कायद्याने मूल शाळेतच पाठवावं लागतं. आजोबांनी नातीला शिकवायचं, ही त्याला जुन्या जगातली सुंदर गोष्ट वाटली. मलाही सोय दिसली. मीरा घरी शिकली तर तक्रार संपली, तक्रार संपली तर ‘रमली’ असं पत्रात लिहिता येईल, आणि मी घातलेली अट मीच, नियमात बसवून, पार करीन. तूर्त पोट बरं होईपर्यंत, असं ठरलं.

पोट त्याच दिवशी बरं झालं. आठ ते दहा टेबलाशी मीरा आणि नाना. ती हसत होती, पाढे म्हणत होती, अक्षर सुधारत होतं. दहाव्या दिवशी आईने तिला हंसाबेनकडून विरजण आणायला पाठवलं. मी झोपाळ्यावर होते. मीरा वाटी घेऊन फाटकापर्यंत गेली आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. एकदा, दोनदा. मग ती मागे वळली आणि म्हणाली, “आई, तू जा ना.”

मी गेले. विरजण आणलं. हंसाबेनना काय बोलले ते आठवत नाही, पण निघण्याआधी मीही ओठ हलवले होते, हे मला आठवतं.

त्या दुपारी नाना वर्तमानपत्र वाचत असताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे वाक्य मात्र दहा वेळा म्हणून आले होते, तरी बाहेर पडलं ते वेगळंच.

“नाना, उद्यापासून तिला शिकवू नका.”

“काही चुकतंय का माझं?”

“नाही. तुम्ही उत्तम शिकवता. म्हणूनच.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग घडीची घडी. “मग परत जाल तुम्ही,” ते म्हणाले.

“जाऊ कदाचित.”

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने त्या दिवशी कुणालाच वाढताना आग्रह केला नाही. आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून मी मीराला रिक्षाशी नेऊन उभी करायचे. ती रडत चढायची. योरिस मला म्हणाला नाही की मी दुष्ट आहे, पण त्याने मीराच्या उत्रेख्तच्या शाळेचा पत्ता काढून ठेवला. तो पत्ता मी पाहिला आणि नीट फाइलमध्ये लावला.

मग गणपती आले. बडोद्यात गणपती म्हणजे काय ते इथे आल्याशिवाय कळणार नाही. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोन, बाकी सगळी गुजराती, पण मांडव मोठा आणि आरती मराठीतच. सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे पहिलं कडवं पाठ आहे. पुढे शब्द विरघळतात, टाळ्या वाढतात, आणि धृपद आलं की पुन्हा जोर येतो. कित्येक वर्षांची ही पद्धत, कुणाची तक्रार नाही.

पहिल्या संध्याकाळी मीरा डोळे मिटून उभी होती. कडवं संपलं, शब्द विरघळले, आणि एक आवाज तसाच पुढे चालू राहिला. स्वच्छ, नानांच्या कॅसेटमधल्या उच्चारांसकट. तिला माहीतच नव्हतं की इथे थांबायचं असतं. ती डोळे उघडेल आणि आपण एकटेच गातोय हे तिला कळेल, या भीतीने मी टाळ्या विसरले. तिने डोळे उघडले ते शेवटच्या कडव्यानंतर. ध्रुवी तिच्याकडे बघत होती. मीरा माझ्यामागे येऊन लपली. झालं, मी मनात म्हटलं, उद्यापासून काय काय नावं पडतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ध्रुवी वही घेऊन फाटकाशी आली. “समाचार छे?” तिने योरिसला विचारलं. योरिस गुजरातीत म्हणाला, आहे. पायरीवर दोघी बसल्या. मीरा एकेक ओळ सांगायची, ध्रुवी ती गुजराती लिपीत उतरवायची. तिसऱ्या दिवशी पायरीवर पाच जणी होत्या. मला दारातून दिसत होतं की त्या निम्मं चुकीचं लिहितायत. बाहेर जायचं नाही म्हणून मी दाराची कडी धरून उभी होते.

नानांना एवढा संयम नव्हता. ते बाहेर गेले, ध्रुवीच्या हातातून वही घेतली आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचू लागले. मग बोलू लागले. गुजरातीत. मी शाळेत शिकले तसल्या पुस्तकी गुजरातीत नव्हे, हंसाबेनच्या, भरतभाईंच्या, मांडवीच्या. एक चूक दाखवून त्यांनी काहीतरी म्हटलं आणि पाचही मुली पोट धरून हसल्या. मीरासुद्धा. मला विनोद कळला नाही. तीस वर्षं कचेरीत ते दिवसभर हेच बोलत असणार. घरी येताना ती भाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत असणार. मी त्यांची मुलगी, मी ती कधी ऐकली नव्हती.

विसर्जनाच्या दिवशी सोसायटीने सगळी कडवी म्हटली. नवव्या-दहाव्या घरातल्या म्हाताऱ्यांची तक्रार आली की यंदा आरती फार लांबली.

त्यानंतरच्या सोमवारी पावणेसातला भरतभाईंचा हॉर्न वाजला. समाचार, चालो, अशी ओरड झाली. नाव काही बदललं नाही. मीरा दप्तर घेऊन पळाली, फळीवर बसली आणि ध्रुवीला कोपराने ढकलून एक शब्द म्हणाली. तो मी इथे लिहिणार नाही. मला त्याचा अर्थ योरिसला विचारावा लागला.

रिक्षा गेल्यावर मी घरात आले. आठ वाजत आले होते आणि नाना सवयीने टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची रिकामी.

“नाना, मला कधी बोलायचं गुजराती का नाही शिकवलंत?”

“मला वाटलं, तेवढं तुला बाहेर आपोआप मिळेल,” ते म्हणाले. “बाहेर पाठवलंच नाही, हे लक्षात नाही आलं.”

पत्र योरिसने त्याच आठवड्यात पाठवलं: राहतो. सात पेट्यांपैकी वह्यांची पेटी अजून उघडलेली नाही. फ्रिजवरचा कागद उत्रेख्तलाच राहिला, कारण काढताना तो फाटला. नव्या भाडेकरूंनी निम्मा कागद बहुधा खरवडून काढला असेल. तुम्ही येत असाल तर मराठी जरूर शिकवून आणा, घरात लागते. पण रिक्षापुरतं काहीतरी रिक्षालाच शिकवू द्या.

मी त्या रिकाम्या खुर्चीवर बसले. नानांनी हंसाबेनकडचं गुजराती वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी मनात एकदा वाचून घेतलं.

“मोठ्याने,” नाना म्हणाले.

मी वाचलं. चौथा शब्द चुकला, आणि आत चहा करणाऱ्या योरिसने तिथूनच तो दुरुस्त केला.