कुंडी कोण फिरवतं?

रशियातल्या पावलोवो गावात ज्या घराच्या खिडकीत लिंबाचं झाड नाही, ते घर उपऱ्यांचं, असंच धरून चालत. म्हाताऱ्या कापितोलिनाचं झाड तिच्या आईने लावलेलं. बाहेर ओका नदी गोठून दगड झाली तरी आत मुठीएवढी पिवळी लिंबं लटकलेली. चाकूंच्या कारखान्यातली नोकरी, नवऱ्याचं मरण, एकुलत्या एका मुलाचं, अर्काशाचं वाढणं, सगळं तिने त्या झाडाशेजारी बसून सोसलं होतं.

या हिवाळ्यात झाड पानं टाकू लागलं. रिम्मा सून होऊन आली तीही याच हिवाळ्यात. म्हातारीने दोन्हीची सांगड घातली.

आधी तिला वाटलं, पोरगी उरलासुरला चहा ओतत असेल. माती उकरून हुंगली. तसं काही नव्हतं. मग वाटलं, कळ्या खुडते. कळ्या जागच्या जागी होत्या. शेजारीण झोया आगीत तेल ओतायला होतीच.

"परगावची पोर ती, कापितोलिना. एकेकीची नजरच तशी असते. माझी सून आली आणि कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं."

म्हातारीने ठरवून टाकलं, हिचाच हात निघाला तर रविवारी अर्काशाला सांगायचं, बायकोला घेऊन कारखान्याच्या खोल्यांत राहायला जा.

पावाच्या रांगेला जाते म्हणून ती निघाली आणि परसदाराने परत आली. रिम्मा कुंडीला मिठी मारून ती हळूहळू फिरवत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

रिम्मा दचकली. "कुणी नाही, आई. भिंतीकडच्या फांद्यांना ऊनच मिळत नव्हतं. रोज त्यांनाही खिडकी दाखवते."

"आणि पानं पडत होती ती दिसत नव्हती?"

"दिसत होती. म्हणून तर जास्त फिरवली."

म्हातारी स्टुलावर बसली. लिंबाचं तोंड उजेडापासून वळवलं की ते रुसतं, पानं टाकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिला कोण सांगणार? आल्यापासून आपण हिच्याशी 'दार लाव' यापलीकडे बोललो तरी काय?

संध्याकाळी झोया चौकशीला आली. बटाटे सोलणाऱ्या रिम्माचे हात थांबले.

"चुलीची धग लागली झाडाला," कापितोलिना म्हणाली. "चूक माझीच."

"इतक्या वर्षांत कधी लागली नाही ती?"

"आता लागली."

झोया गेल्यावर म्हातारीने कोपऱ्यातल्या मरियममातेच्या तसबिरीपुढे छातीवर क्रूस काढला आणि खोटं बोलल्याची क्षमा मागितली. रविवारी अर्काशाला तिने एवढंच सांगितलं, की सरपण संपत आलंय.

तरी पुढे कितीतरी दिवस बाहेरून आली की शाल काढायच्या आधी तिची नजर कुंडीकडेच जायची.