मुरमाड तुकड्यावरची हरकत

माझ्या चुलतभावाच्या जमिनीवर जी हरकत आली, ती मी लिहिली होती. ही गोष्ट मी अकरा वर्षे लपवली. गावातले निम्मे अर्ज माझ्याच अक्षरात असल्यामुळे कुणाला संशयही आला नाही.

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी आमच्या वडिलांची आणि काकांची वाटणी झाली. वडील थोरले; त्यांनी विहिरीजवळची काळी जमीन घेतली. काकांना रस्त्यालगतचा मुरमाड तुकडा मिळाला. तिथे कुसळांखेरीज काही उगवत नसे आणि त्यावरून लहानपणी मी भावाला पुष्कळ चिडवले होते. पुढे फुलंब्रीच्या बाजूने वस्ती वाढत आली, आमच्या गावाला नगरपंचायत झाली आणि एके दिवशी नवा विकास आराखडा तिच्या भिंतीवर लागला. मुरमाड तुकडा त्यात पिवळा होता, म्हणजे घरे बांधायला मोकळा. बांधाअलीकडची आमची काळी जमीन हिरवी, म्हणजे शेतीखेरीज तिथे काही करता येणार नव्हते.

नकाशापुढे गर्दी होती. भाऊ मला म्हणाला, "दादा, लई वर्षं तुमच्या काळ्या मातीचं कौतुक ऐकलं. आता जरा आमच्या मुरमाला मिरवू द्या की!"

सगळे हसले. मीही हसलो. त्याची मुलगी नुकतीच डॉक्टर झाली होती; तिचा दवाखाना तिथेच बांधायचा, हे त्याने त्याच गर्दीत सांगून टाकले. माझा मुलगा तेव्हा शहरात क्रांती चौकातल्या कापडाच्या दुकानात कामाला होता. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

हरकतींना महिनाभराची मुदत होती. मी शाळामास्तर, लोकांचे अर्ज लिहायचे, वाचून दाखवायचे आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा, हा माझा शिरस्ता. त्या आठवड्यात एक म्हातारा मेंढपाळ आला.

"गुरुजी, वढ्याकडं जायची मेंढरांची वाट बंद होऊ नाय, एवढंच लिवा."

तेवढे मी लिहिले. त्याखाली स्वतःची दोन वाक्ये घातली: मुरमाड तुकड्यात दर पावसाळ्यात ओढ्याचे पाणी पसरते, तिथे वस्ती होऊ देणे धोक्याचे आहे. वास्तविक तिथे पाणी एकदाच शिरले होते, तेही आमचा बांध फुटल्यामुळे. वाचून दाखवताना मी त्याच्या मागणीपाशीच थांबलो.

"ब्येस लिवलं," म्हणत त्याने अंगठा उमटवला.

अंतिम नकाशात तुकडा हिरवा झाला. भावाची मुलगी शहरातल्या दुसऱ्याच्या दवाखान्यात बसने जाऊ-येऊ लागली. भावाने म्हाताऱ्याशी बोलणे टाकले आणि त्याच्या मेंढरांना शेताच्या कडेनेही जाऊ दिले नाही. म्हातारा मला विचारी, "गुरुजी, म्या काय वंगाळ मागितलं व्हतं?" मी पुढचा अर्ज लिहायला घेई. एका उन्हाळ्यात तो वारला, आणि मला सुटल्यासारखे वाटले. या वाटण्याची लाज मला मूळ कृत्याहूनही अधिक वाटते.

यंदा नगरपंचायतीने नकाशातल्या पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे नियम पुन्हा तपासायला घेतले. भाऊ घरी आला. "दादा, तुकडा पुन्हा पिवळा करायचा अर्ज तुम्हीच लिवा. तुमच्या अक्षराला वजन हाय." मी लिहून दिला. अक्षराच्या वजनाचे ते वाक्य मात्र रात्रंदिवस कानातून जाईना.

सुनावणीला मी त्याच्या मागच्याच खुर्चीवर बसलो होतो. अधिकाऱ्यांनी जुना कागद काढून विचारले, "इथे पाणी पसरतं अशी हरकत आहे. त्याचं काय?"

भाऊ म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं खोटं लिवलं, साहेब. का लिवलं, त्यालाच ठावं."

मी उभा राहिलो. "साहेब, म्हाताऱ्यानं फक्त वाट मागितली होती. पाण्याचं मी घातलं. ते खोटं आहे." भावाने मागे वळून पाहिले. त्याच्याकडे पाहत मी म्हणालो, "तुझा तुकडा पिवळा झालेला मला बघवला नाही. पोरीचा दवाखाना मी अडवला, आणि त्याचा बोल त्या गरिबाला लागू दिला. माझं चुकलं. मला माफ कर."