फरशीचा ट्रक आणि मला बघायला आलेली मंडळी

मला बघायला बोरीहून पाहुणे येणार होते, त्या रविवारी सकाळी मी गच्चीवर केस वाळवत उभी होते. आईने साडी पलंगावर काढून ठेवली होती, पोह्यांचा कांदा चिरून झाला होता आणि मला शेवटच्या सूचनाही मिळाल्या होत्या. "स्वयंपाकाचं विचारलं तर सगळा येतो म्हण. आवाज चढवू नको. अन् नववीत गणितात गेली होतीस, ते तर काढूच नको."

परभणीतली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरून रिक्षा आली तर मोटारसायकलवाल्याने कुणाच्या तरी ओट्याला पाय टेकवून थांबायचं. गल्लीच्या टोकाला एक नवं घर उठत होतं. त्या घरवाल्यांनी फरशी मागवली होती. छोटा टेम्पो येईल असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि आला तो थेट गुजरातहून निघालेला भला मोठा ट्रक.

गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खिडकीतून मान बाहेर काढून तो विचारात पडला. तेवढ्यात मागे एक पांढरी कार थांबली. तिच्यातून सायीच्या रंगाचा शर्ट घातलेला एक तरुण उतरला, ट्रकच्या बाजूने अंग चोरून पुढे आला आणि कुणी न सांगताच हात हलवायला लागला.

"येऊ द्या, येऊ द्या! लय जागा हाय!"

ट्रक आत सरकला. मला वरून स्पष्ट दिसत होतं, मागचं चाक नालीवरच्या झाकणाकडे निघालं होतं.

"ओ भाऊ!" मी ओरडले. "डोळे हायेत का न्हाई? चाक नालीत जायलंय! बस करा!"

त्याने दचकून वर पाहिलं. पण हात आपला हलतच राहिला, आणि ड्रायव्हर बिचारा त्या हाताकडे बघत होता. काडकन आवाज झाला. झाकण फुटून चाक नालीत बसलं, ट्रक एका अंगाला कलला आणि त्याचा आरसा विजेच्या खांबाला जाऊन टेकला. गल्ली बंद.

कारमधून आता जरीची साडी नेसलेल्या एक बाई आणि दोन वयस्कर माणसं उतरली. खालून वडिलांचा आवाज आला, "अगं, पाहुण्यांचा फोन हाय. गल्लीच्या तोंडाशी आलेत, पण ट्रक अडकलाय म्हणे." मी पुन्हा एकदा त्या सायीच्या रंगाच्या शर्टाकडे पाहिलं आणि गुपचूप खाली येऊन साडी नेसायला लागले.

पाहुण्यांना आत आणायचं कसं? कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं घर. त्यांचं एक दार हमरस्त्यावर आणि मागचं दार निवृत्त गुरुजींच्या अंगणात. गुरुजींच्या जिन्याने वर गेलं की शेजारच्या चाचींची गच्ची, आणि चाचींचं दार बरोबर आमच्यासमोर. वडील चाचींच्या घरातून उलटे गेले आणि त्याच वाटेने पाहुण्यांना घेऊन निघाले.

पण आमच्या गल्लीत कुणाच्या घरातून नुसतं जाता येत नाही. काकूंनी सगळ्यांना बसवून पोहे खाऊ घातले आणि सांगितलं, "पोरगी तापट हाय, पण मनात काही ठेवत न्हाई." गुरुजींकडे चहा झाला. गुरुजींना खोटं बोलायची सवयच नाही. "गणितात कच्ची. नववीत एकदा नापास. पण कॉपी केली न्हाई, म्हणून नापास," ते कौतुकाने म्हणाले. गच्चीच्या कठड्यावरून उतरताना चाचींनी मुलाच्या आईचा हात धरला. "आओ समधन, आहिस्ता." वडिलांचा चेहरा लाल झाला, अजून मुलगी दाखवायची होती. चाचींनी सरबत पाजलं आणि आपला पाय मोडला होता तेव्हा मी रोज येऊन पोळ्या करून दिल्या, हे भरल्या डोळ्यांनी सांगितलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "गोल एक भी नहीं थी."

मी ट्रे घेऊन बाहेर आले, तर पोह्यांकडे कुणी बघेना.

"बाई, राग मानू नका," मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, "तुमच्या दारात यायच्या आधीच पोट भरलंय. अन् पोरीचं सगळं ऐकूनबी झालंय."

आई कसनुसं हसली. मुलाचे वडील मुलाला म्हणाले, "तुला काय विचारायचं ते विचार."

त्याने घसा साफ केला. तो बँकेत नोकरीला होता आणि सकाळचा जोर आता पार उतरला होता. "मघाशी गच्चीवरून तुम्हीच ओरडलात का?"

आईने डोळे मिटले. मी म्हणाले, "हो."

"भाऊ म्हणालात ते सोडा. पण थोडं आधी ओरडला असता तर ट्रक अडकला नसता."

पहिल्यांदा सोबत आलेले त्याचे मामाच हसले, मग सगळे. मीही हसले, आणि पदर सांभाळायचं भान काही राहिलं नाही.

खरं तर आल्या वाटेने ते परत जाऊ शकत होते. पण तो उठला आणि बाह्या वर सारत म्हणाला, "मी अडकवलाय, तर काढायलाबी लागतो." वडील "राहू द्या, पाहुणे" म्हणत राहिले, पण सगळी वरात पुन्हा चाचींच्या, गुरुजींच्या आणि काकूंच्या घरांतून रस्त्यावर आली. मागचा फाळका उघडून फरशीची खोकी हातोहात उतरवायला सुरुवात झाली. अर्धी गल्ली रांगेत उभी राहिली. मीही. "अगं, साडी!" आई म्हणाली, आणि मग तीच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तो माझ्या दुसऱ्या बाजूला होता. खोकं देताना प्रत्येक वेळी "जड आहे हं" म्हणायचा, जणू मला ते कळणारच नव्हतं.

ट्रक हलका झाल्यावर चाकाखाली दगड आणि फळ्या घातल्या. ड्रायव्हर वर चढला, तसा याचा हात पुन्हा आपोआप उठला. ड्रायव्हरने हात जोडले. "साहब, मेहरबानी करो. आप कुछ मत बोलो."

मग मीच मागे उभी राहिले. "येऊ द्या. डावीकडं. थोडं अजून. बस!" नालीतून चाक वर आलं, ट्रक रस्त्यावर निघाला आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या.

काकूंच्या नळावर हात धुता धुता मुलाच्या आईने माझ्या आईला सांगितलं, "आमचं ठरलंय. तुमी पोरीला विचारा." कळवतो म्हणून निघायची रीत असते, ती राहूनच गेली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हणाले, ते इतक्या मोठ्याने की काकू साखर आणायला आत पळाल्या.

कार निघून गेल्यावर फरशीची खोकी हातगाड्यावरून नव्या घराकडे जायला लागली. उरलेल्या खोक्यांवर आई, काकू आणि चाची बसल्या आणि ऊन उतरेपर्यंत लग्नाच्या साड्यांचं बोलत राहिल्या.