बाजाअंकल आणि पुसलेली कंपनी

बाजाअंकल कुठलाही सॅक्सोफोन वाजवण्याआधी हुंगायचे. नळीत नाक खुपसून आधीच्या मालकाची कुंडली मांडायचे: हा तंबाखू खात होता, ह्याने लग्नात जेवल्यावर चूळसुद्धा भरली नाही. खरंखोटं देव जाणे, पण समोरचं गिऱ्हाईक आपलंच तोंड पुसू लागे.

उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये काढून म्हातारपणी ते माणिकपूरच्या घरी बाजे दुरुस्त करत. विरारच्या भंगारवाल्याकडून उचललेला एक जुना सॅक्सोफोन मी त्यांच्याकडे नेला. तो पॅरिसचाच, असं फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मी सांगूनही टाकलं होतं. अडचण एकच. ज्या कर्ण्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, तो तुळतुळीत होता, आणि नावाशिवाय इंटरनेटही हात टेकत होतं.

अंकलनी हुंगलं, कर्ण्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्याला चिंच लावलीय."

त्यांच्या बँडमध्ये चर्चच्या सणाआधी बाजे घरोघरी नेत आणि बायका ते हंड्याकळशांसारखे चिंच-राखेने घासत. मिरवणुकीत बाजा चमकला नाही, तर लाज बायकोची जायची. त्या घासण्यापुढे परदेशी कंपन्यांची काय टिकाव धरायची टाप! "आमच्या रोजीनं तर गोऱ्या सायबाचं नावच पुसून टाकलं," अंकल म्हणाले. रोजी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या नावावरून ते अजून तिच्याशी भांडत.

पुढच्या खेपेला गेलो तर बाजा खोलून पडलेला. एका चावीला स्प्रिंगऐवजी शिवणाची सुई बसवलेली होती. "ही माझी सुई," अंकल म्हणाले. सुई तर कोणीही लावेल, असं मी म्हणालो.

"शहाना कारागीर नेढं कापतो. मी नाय कापलं. मिरवनूक दारात होती, रोजीनं डब्यातली सुई दिली, तशीच ठोकली."

बँड मोडला तेव्हा विकलेला त्यांचाच बाजा होता तो. माझं पॅरिस तिथेच बुडालं; पुसलेलं नाव त्यांनाही आठवत नव्हतं. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच. तर म्हणाले, फुकटचं नको. कंपनीचं नाव सापडलं की घेऊन जा.

अर्थात ते सापडेना. मी फोन केला की अंकल म्हणत, शोध चालू आहे. मागून त्यांची मुलगी सांगे की दात नसताना रोज दुपारी फुंकतात आणि शेजाऱ्यांना म्हैस व्यायल्यासारखं वाटतं. म्हातारा बाजा दाबून बसलाय हे मला कळत होतं, आणि मला ते आवडत होतं.

यंदा सणाच्या आधीच अंकल गेले. मुलीने बाजा माझ्या हातात दिला. चाव्यांखालच्या गाद्या नव्या, चाव्या मऊ, सुई मात्र नेढ्यासकट जागच्या जागी. कर्ण्यावर टोच्याने वाकडीतिकडी अक्षरं कोरलेली होती: रोजी आणि कंपनी, माणिकपूर.

मी त्यांच्या ओटीवर बसून रडलो.

आता सोसायटीत कोणी विचारलं, पॅरिसचा का, तर मी कर्णा पुढे करतो. चिंच मात्र कोणालाही लावू देत नाही.