पंचनाम्यातली एक ओळ

ती ओळ माझ्या हातची होती, म्हणून तो खटला अजून मनातून जात नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर एका कारखान्याचे बांधकाम चालू होते. मी त्या भागात फौजदार होतो. एका सकाळी कामावरचा गवंडी ठाण्यात आला. भोसरीची एक मजूर बाई दोन दिवस कामावर नाही आणि मुकादम तिचा विषय काढू देत नाही, एवढीच त्याची खबर. मी तिच्या घरी गेलो. तिशीची विधवा, सोबत सासू. सासूने दार लोटले आणि ती सुनेजवळ बसली. "सांग. म्या हाय हितं."

सिमेंटच्या कोठीत मुकादमाने तिच्यावर बलात्कार केला होता.

चौकशीत मुकादम हसला. "साहेब, बाई राजी होती."

"मग तुझ्या मानेवर ओरखडे कशाचे?"

"मांजरानं बोचकारलं."

"कोणाच्या मांजरानं?"

सत्र न्यायालयाने त्याला सात वर्षांची सक्तमजुरी दिली. त्याने हायकोर्टात अपील केले. कोठीच्या पंचनाम्यात 'बांगड्यांचे तुकडे मिळून आले नाहीत' असे लिहिले होते. त्यावरून त्याच्या वकिलाचे म्हणणे, झटापट झालीच नाही. अशा गुन्ह्यात ती ओळ सवयीने लिहिली जाई. मीही लिहिली होती.

अपिलाची बातमी सांगायला भोसरीला गेलो. बाई ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"सायेब, परत समद्यांम्होरं सांगाया लागंल?"

"नाही बाई. तिथे कागद वाचतात."

"आन् कागदानंच तो सुटला तर?"

मी त्यांना ती ओळ सांगितली. सासूने सुनेचा हात धरून माझ्यापुढे केला.

"फौजदारा, नीट बघ. माजा ल्योक गेला त्या दिशी हिच्या बांगड्या म्याच फोडल्या. कोठीत काय फुटायचं व्हतं?"

मनगट उघडे होते. जबाबावर अंगठा घेताना हेच मनगट मी धरले होते. सासूने तो हात नंतर बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सरकारी वकिलांना पत्र लिहिले. चूक माझी, हे त्यात कबूल केले आणि खटल्यातले दोन कागद दाखवून दिले. फिर्यादीच्या पहिल्या ओळीत 'विधवा' हा शब्द होता. डॉक्टरांच्या दाखल्यात 'मनगटांवर ताज्या जखमा, हातात बांगड्या नाहीत' असे होते. अपील फेटाळले गेले. शिक्षा कायम राहिली.

निकाल सांगितला तेव्हा बाईने एकच विचारले, "म्हंजी आता कुनाला सांगाया न्हाई लागायचं?"

"कोणालाच नाही."

तिने मान हलवली आणि चुलीपुढे जाऊन पीठ मळायला घेतले. सासूने माझ्यासाठी घोंगडी अंथरली.

"बस. भाकर खाऊन जा. आन् फौजदारा, हितनं म्होरं बघून लिवत जा."

निवृत्त होईपर्यंत मी बघूनच लिहिले.