आधी लिमा, मग टँगो

मी सैन्यातल्या सिग्नल्सचा, म्हणजे वायरलेसचा माणूस. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कानाला हेडसेट लावून. आता घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी खाली बाकावर बसलो की कुणीतरी मोबाइल पुढे करतं. अमुक देशाचा तमुक देशाशी संरक्षण करार, एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. "सुभेदारसाहेब, असल्या करारात नक्की असतं काय?"

"खुर्च्या," मी सांगतो. लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय.

एका डोंगराळ मित्रदेशात आमचा जॉइंट कॅम्प होता. माझं तिथे पोस्टिंग आलं तेव्हा मी नायब सुभेदार होतो. करार दोन देशांचा, बरोबरीचा, आणि ही बरोबरी रोज दिसली पाहिजे असा वरून हुकूम. झेंड्याचे खांब दोन, उंची एक. ती टेप लावून मोजताना मी स्वतः पाहिली आहे. मेसमध्ये खुर्च्या समोरासमोर, दोन्हीकडे सारख्याच. जमीन त्यांची, म्हणून एका बाबतीत मान त्यांना: रेडिओवर पहिला आवाज त्यांचा. त्यांचं स्टेशन लिमा, आमचं टँगो. आधी लिमा बोलणार, मग टँगो. मी लॉगमध्ये त्याच क्रमाने लिहिणार, शेजारी बसून त्यांचा ऑपरेटर त्यांच्या लॉगमध्ये लिहिणार.

कॅम्पपासून तीन तासांच्या चढावर एक ऑब्झर्वेशन पोस्ट होतं. दगडी बांधकाम, मधोमध जाड भिंत. डावी खोली त्यांची, उजवी आमची. दोन दारं, दोन झेंडे, दोन वायरलेस सेट (लिमा टू आणि टँगो टू), प्रत्येक खोलीत एक जवान. दोघांना शेगडी मात्र एकच पुरली असती. पण भिंत कशाला, असं विचारायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी वर होते लिमाचा नोर्बू आणि आमचा नाईक भरत म्हात्रे. भरत डोंबिवली पश्चिमेचा, कोपर गावातला आगरी मुलगा. मी मूळचा कळव्याचा. पहिल्याच भेटीत त्याने मला ओळखलं होतं. "साहेब, तुमी कलव्याचं ना? मी कोपरचा. खाडी आपली एकच." परदेशात असं कुणी बोललं की बरं वाटतं. पोरगा नकला फार झकास करायचा. गावात हळदीच्या मांडवात सगळ्या आळीचे आवाज काढायचा म्हणे. कॅम्पमध्ये आमचे कर्नल, त्यांचे मेजर, मी, कुणालाही सोडलं नव्हतं. नोर्बू बोलण्याआधी घसा खाकरायचा, त्याचं हिंदी नाकातून यायचं. भरतने ते इतकं हुबेहूब उचललं होतं की नोर्बू स्वतः पोट धरून हसायचा.

महिनाभर आधी एकदा भरत घाईत नोर्बूच्या अगोदर बोलून गेला होता. एवढ्याशा गोष्टीवर त्यांच्या मेजरनी आमच्या कर्नलना पत्र दिलं. कर्नलनी मला झापलं, मी भरतला. "पुन्हा असं झालं तर तुझा कॉल मी घेणारच नाही," असं म्हणालो. हे शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

त्या सकाळी दोन्ही देशांचे पाहुणे आले होते. ०९०० च्या रेडिओ चेकसाठी सेटला लाउडस्पीकर जोडला होता, म्हणजे बरोबरी कानांनीही ऐकू यावी. तंबूत दोन रांगा खुर्च्या. बाहेर धुकं इतकं की झेंडे दिसत नव्हते, नुसता फडफडाट ऐकू येत होता.

नऊला मी माइक उचलला. मी बोलायच्या आत भरतचा आवाज आला. "टँगो टू, टँगो टू, साहेब…"

त्यांच्या मेजरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कर्नलनीही पाहिलं.

मी म्हणालो, "टँगो टू, वेट. लिमा टू फर्स्ट. ओव्हर."

स्पीकरवर नुसती खरखर. दहा सेकंद, कदाचित पंधरा. मग कुणीतरी घसा खाकरला.

"लिमा टू. ओके. ओव्हर."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच भरत बोलला, "टँगो टू. ०८४० ला बर्फ कोसळलं. पोस्ट गाडलं गेलंय. दार उघडत नाही. पाय अडकलाय. मदत पाठवा. ओव्हर."

टाळ्या थांबल्या. त्यानंतर ढिलाई झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. धुक्यात हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. ०९२० ला रेस्क्यू पार्टी पायी निघाली. सहा त्यांचे, सहा आमचे, लीडर त्यांचा कॅप्टन.

मी दर अर्ध्या तासाने चेक घेत राहिलो. दरवेळी क्रम तोच. खाकरणं, "लिमा टू, ओके." जरा वेळ शांतता. मग "टँगो टू, ओके." मी दोघांना विचारत होतो, हवा आहे का, पाणी आहे का. लिमा "ओके" पलीकडे काही बोलत नव्हता. मला वाटलं, नोर्बू कमी बोलणाराच, वर घाबरलेला. दहा वाजता त्यांच्या ऑपरेटरने नोर्बूला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. उत्तर हिंदीत आलं, "लिमा टू, ओके." ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला. अंगावर काटा आला, हे मला आठवतं. का आला, ते तेव्हा कळलं नाही आणि मी पुढची ओळ लिहिली.

११३० ला टँगो म्हणाला, "साहेब, हाताची बोटं कळत नाहीत आता."

"पार्टी जवळ आली, भरत. अर्धा तास."

"बरा साहेब."

१२०० ला खाकरणं आलं, फार बारीक. "लिमा टू. ओके." मग काही नाही. मी टँगोला सात वेळा हाक मारली.

१२१० ला पार्टी पोस्टवर पोचली. दोन्ही दारांवर डोक्याएवढं बर्फ. एका वेळी एकच दार खणता येईल, असं कॅप्टन म्हणाला. "बेस, कोण जिवंत? कुठलं दार?"

मी लॉगकडे पाहिलं. शेजारच्या ऑपरेटरने त्याच्या लॉगकडे पाहिलं. दोन देशांची दोन पानं तंतोतंत जुळत होती.

"लिमा," मी म्हणालो. "डावं दार."

पन्नास मिनिटांनी कॅप्टनचा आवाज आला. "बेस, लिमाच्या खोलीचं छप्पर पूर्ण खाली आलंय. सेट चिरडलाय. जवान थिजलेला आहे, मान मोडलेली. मेडिकलवाला म्हणतो, हा सकाळीच गेला. पहिल्या दणक्यात." त्याने विचारलं, "मग तुमच्याशी कोण बोलत होतं?"

स्पीकर अजून चालूच होता. मी तो बंद केला.

उजवं दार उघडायला आणखी चाळीस मिनिटं लागली. भरत सेटवर ओणवा होता, माइक हातात. मेडिकलवाला म्हणाला, अंगात अजून ऊब आहे, पण नाडी नाही. त्यांनी खूप प्रयत्न केला.

नऊ वाजता तो ओरडून का बोलला नाही, हे मी स्वतःला रोज विचारतो. मला वाटतं, त्याने माझं ऐकलं. लिमा बोलल्याशिवाय आपला कॉल घेतला जात नाही, म्हणून त्याने लिमाला बोलतं केलं. एकदा केल्यावर दर वेळी करणं आलं. बाराला त्याच्यात एकाच आवाजापुरती ताकद उरली होती, आणि पहिला नंबर लिमाचा होता.

मी कर्नलना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही लॉग पुढे ओढले. मग म्हणाले, "दोन्ही लॉगवर दोन्ही देशांच्या सह्या झाल्यात, साहेब." चौकशीत तेच राहिलं. शेवटपर्यंत ड्यूटी बजावल्याबद्दल नोर्बूला त्यांच्या सैन्याचा मोठा सन्मान मिळाला. भरतला आपल्याकडून मिळायचं ते मिळालं.

पुढच्या वर्षी त्यांच्या वकिलातीतले लष्करी अधिकारी, डिफेन्स अटॅशे, कोपरला आले. शेतजमिनीवर आता बिल्डिंगी उभ्या आहेत. त्यातल्याच एकीच्या आवारात मांडव घातला होता. टेबलावर दोन छोटे झेंडे, सारख्या उंचीचे. अटॅशेंनी भाषणात सांगितलं की नोर्बूने बारा वाजेपर्यंत पोस्ट सोडलं नाही. भरतच्या आईला शाल दिली, स्मृतिचिन्ह दिलं, फोटो झाले.

गाड्या गेल्यावर तिने मला घरात बोलावलं. चहा ठेवला. भरतचा युनिफॉर्ममधला फोटो समोरच होता. वर्षभर मी तिला "शांतपणे गेला, आई" एवढंच सांगत आलो होतो.

"तो मानूस बोल्ला, त्यांचा पोर बारा वाजता बोलत व्हता. मंग माझा पोर कवा गेला?"

मला खोटं बोलवेना. नऊपासून बारापर्यंत सगळं सांगितलं, डावं दारही सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, मधे एकदाही रडली नाही.

"त्याला थांब म्हनून कोनी सांगला?"

"मीच, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी जितका उघडा पडलो, तितका आजवर कुठल्याही जनरलसमोर पडलो नव्हतो. मला वाटलं होतं, हाकलून देईल. तिने द्यायला हवं होतं.

तिने विचारलं, "त्या पोराच्या आयशीला ठाव हाय?"

"नाही."

"मंग नको सांगूस. बारा वाजंपरत जिता व्हता, असाच वाटू दे तिला." मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाय थंड झाली तुझी."

मी शब्द दिला आणि पाळला. गेल्या वर्षी भरतची आई गेली. दुसरी आई अजून आहे, असं ऐकतो. म्हणून त्या देशाचं नाव मी लिहिलेलं नाही, आणि नोर्बू हे त्या मुलाचं खरं नाव नाही.

दुसरं नाव खरं आहे. नाईक भरत म्हात्रे, राहणार कोपर. बारा वाजेपर्यंत पोस्टवर तो होता.