दाराएवढं शेत

"आलीऽ रे आलीऽ! हाकलाऽ! झोपलाव का सगले?"

पहिल्या मजल्यावरचे दादा पहाटे चिमण्यांवर असे ओरडायला लागले की निम्मं शांती नगर दात घासायला उठायचं आणि उरलेलं निम्मं शिव्या द्यायला. आमच्या इमारतीत गजराचं घड्याळ कुणी विकत घेतलंच नाही. त्यांच्या आवाजाने खाडीपलीकडच्या वसईतल्याही चिमण्या उडायच्या. खोटं वाटत असेल तर वसईकरांना विचारा.

नव्वदीची सुरुवात होती. सोसायटीने इमारतीमागच्या मोकळ्या पट्ट्यात विटा लावून वाफे पाडले होते, घरटी एक. कुणी गुलाब लावला, कुणी मिरच्या. मी टोमॅटो लावले. एकच आला, गोटीएवढा; तो आम्ही पाच जणांनी वाटून खाल्ला. दादांनी त्यांच्या दाराएवढ्या वाफ्यात भात लावला.

दादा मूळ इथल्याच राई गावचे. शेती बिल्डरकडे गेली आणि दादा फ्लॅटमध्ये आले. नवा भाडेकरू आला की ते त्याला ऐकवत, "तुजं न्हाणीघर हाय ना, तितं आमचं खळं व्हतं." हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं, की बापाचं शेत सुरतेपर्यंत तरी पसरलेलं असणार.

बी मात्र खरं होतं. त्यांच्या आईने मडक्यात जपलेलं, खाऱ्या जमिनीतल्या लाल भाताचं. राईतही आता ते कुणाकडे उरलं नव्हतं. जुनं झालं की उगवत नाही, म्हणून दादांनी होतं नव्हतं ते सगळं पेरलं. "यंदा पिकलं तर हाय, न्हाय तर न्हाय."

समोरच्या गुजराती बेन वांगी लावायचा सल्ला द्यायच्या, "दादा, रिंगणा लगाओ ने. ये तो घास है."

आपल्या नातवाला कुणी माकड म्हटल्यासारखे दादा त्यांच्याकडे बघत.

लोंब्या भरल्या आणि पाखरं आली. आजूबाजूची शेतं तोवर भराव टाकून बुजवलेली. म्हणजे अख्ख्या तालुक्याच्या चिमण्यांना जेवायला हेच एक ताट! सूर्य दिसायचा नाही, इतक्या यायच्या. आम्ही पाळीपाळीने थाळ्या बडवल्या. बेनही बडवायच्या, तोंडाने "घास के लिए, घास के लिए" म्हणत.

शेवटी दादांनी स्वतःच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडवली आणि भातावर ताणून बांधली. चिमण्या बाहेरून नुसत्या टोचत बसल्या.

"अहो, आणि तुम्ही?" मी विचारलं.

"पंधरा दिसांत कापनी हाय. मला काय, कातडं जाड हाय माजं."

आमच्याकडचे डास कातडं बघत नसत. अकराव्या दिवशी दादांना हीव भरलं. खाट अशी हलायची की वरच्या मजल्यावरची भांडी वाजायची. तापात ते भिंतीवरच्या चिमण्या हाकलत होते. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मलेरिया दिसतोय. यांना आधी मच्छरदाणीत ठेवा." दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तशाच खाली गेल्या, गाठी सोडल्या, मच्छरदाणी झटकली आणि वर नेली. आम्ही सगळे उभे होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणी ओरडलं नाही. म्हणून कुणी उठलंच नाही. अख्खी इमारत उन्हं येईपर्यंत झोपली.

ताप उतरल्यावर दादा वहिनींचा हात धरून खाली आले. ताटं उभी होती, लोंब्या हलक्या होऊन वाऱ्यावर डोलत होत्या. आता ओरडतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक लोंबी बोटांतून ओढली. हातात फोलपट आलं.

"मच्छरदानी कोनी काढली?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"चार दिस ऱ्हायले व्हते."

वहिनींनी त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"मच्छरदानी एकच व्हती."